सोनाजी मापाऱ्याच्या लेकीसुना

सोनाजी मापाऱ्याच्या अंगणात दहा-बारा कोंबड्या असत. त्यांतली एकही धड नव्हती, आणि एकीलाही त्याच्यादेखत लंगडी किंवा आंधळी म्हणायची सोय नव्हती. कोणी म्हटलंच तर तो हातातलं काम खाली ठेवी आणि शांतपणे विचारी, "तुमच्या घरात कोणाले काई नाई का?" यावर उत्तर देणारा माणूस मला अमरावतीत भेटला नाही.

कोंबड्यांना तो गावाच्या नावानं हाक मारी. सून घरात आली की तिचं नाव मागं पडतं आणि माहेरचं गाव पुढं येतं. तीच रीत त्यानं कोंबड्यांना लावली होती. जी ज्या गावच्या गाडीतून आली तिचं ते नाव. मी त्याच्या शेजारी राहायला गेलो तेव्हाची हजेरी अशी: दर्यापूरवाली, दोन्ही डोळ्यांनी अधू. मूर्तिजापूरवाली, वरची चोच डावीकडे, खालची उजवीकडे. तिवसेवाली, एका पायाची बोटं मुठीसारखी मिटलेली. चांदूरवाली, मान वाकडी, त्यामुळे सदैव आभाळाकडे बघणारी. आणि एक कोंबडा, पंख मोडलेला, काडीचं काम न करता सगळ्यांच्या आधी खायला येणारा. त्याला सोनाजी जवाई म्हणे.

या नावांमुळे एकदा मारामारी व्हायची राहिली. आमच्या पलीकडे गंगूबाई राहायची. तिची धाकटी जाऊ दर्यापूरची. त्या जावेचे वडील पोरीला भेटायला म्हणून आले, ओट्यावर टेकले, पाणी पीत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून सोनाजीचा आवाज आला. आवाज त्याचा वखारीतल्या वजनकाट्यावर मापं पुकारून कमावलेला, तीन घरांना पुरणारा.

"दर्यापूरवाले, खाऊन खाऊन माजली तू. काम एक नाई. बापानं हेच शिकवलं का तुले?"

म्हाताऱ्यानं तांब्या ठेवला, काठी घेतली आणि थेट सोनाजीच्या अंगणात जाऊन उभा राहिला. "माह्या पोरीले बोलणारा तू कोण?"

सोनाजीनं वळून त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग पायाशी दाणे चाचपडणारी आंधळी कोंबडी उचलली आणि त्याच्यासमोर धरली. "हिचा बाप कोण ते मले ठाव नाई. तुमी असान त सांगा, आता घेऊन जा."

म्हातारा आधी काही समजला नाही. समजलं तेव्हा तिथंच खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. पुढे तो जेव्हा जेव्हा अमरावतीला आला तेव्हा दोन्ही लेकींची चौकशी करून गेला.

सोनाजी अंगानं दांडगा, मिशा भरघोस, तोंडानं फटकळ. बायको लग्नानंतर वर्षभरातच गेली होती. त्याबद्दल तो बोलत नसे आणि आम्ही विचारत नसू. नम्रपणा त्याला माहीत नव्हता. वऱ्हाडात आपल्यासारखा मापारी दुसरा नाही, हे तो रोज एकदा तरी सांगे. हे सांगणं खोटं नव्हतं, म्हणून कोणी हरकत घेत नसे.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई जुंपली म्हणून विलायतेला आमचा कापूस हवा आहे, एवढंच आम्हाला कळत होतं. रूळ अजून आमच्यापर्यंत आले नव्हते. गाड्यांचे तांडेच्या तांडे अमरावतीत भरत आणि महिना-महिना वाट तुडवत मुंबईकडे जात. शेठजींच्या वखारीत मी मुनीम होतो. आलेल्या गाड्या, गेलेल्या गाड्या, भरलेले दोकडे यांच्या याद्या माझ्याकडे. दोकडा म्हणजे रुईचा दाबून बांधलेला गठ्ठा. त्याचं वजन आणि पारख सोनाजीकडे.

भाव चढला तशी लबाडीही चढली. लोक वरून पांढरीशुभ्र रुई ठेवत आणि पोटात ओली रुई, सरकी, कधी सरळ माती भरत. सोनाजी दोकड्याला एक चीर पाडून खांद्यापर्यंत हात आत घाली, डोळे मिटे, आणि हात बाहेर काढून एक तर मान हलवी किंवा म्हणे, "खोड हाये." बस. त्यावर दुसरा शब्द नाही. शेठजींच्या सख्ख्या मेव्हण्याचा माल त्यानं असा परत पाठवला होता. मेव्हणे महिनाभर बोलत नव्हते. शेठजींनी मात्र सोनाजीला एका शब्दानं विचारलं नाही. मुंबईचे दलाल आमचे दोकडे न फोडता घेत, ते त्या दोन शब्दांच्या जोरावर.

कोंबड्या त्याच्याकडे येत त्याही याच शब्दांमुळे. तांडा निघण्याआधी गाडीवान शिवेवरच्या मरीमायला कोंबडी देत. वाट लांबची, घाटांची, आणि वाटेत पटकीच्या साथीची भीती. कोंबडी मात्र अव्यंग हवी; देवीला खोडीचं चालत नाही. ज्याची नजर दोकड्याच्या आत पोचते त्याच्याहून चांगला पारखी कुठला? म्हणून गाडीवान कोंबडी घेऊन काट्यावर येत. सोनाजी दोन्ही पंख उघडून बघे, पायाची बोटं एकेक ताणे, फुंकर मारून पिसांखालची कातडी तपासे, डोळ्यापुढून बोट फिरवी आणि शेवटी कमरेच्या उंचीवरून तिला सोडून देई. दोन्ही पायांवर नीट उतरली तर ठीक. नाहीतर तेच, "खोड हाये."

तांड्याची रीत अशी, की देवीसाठी आणलेली कोंबडी नापास झाली तर ती परत घरी न्यायची नाही आणि खायचीही नाही. मरीमायनं नाकारलेली ती. तिला कोण पोटात घेणार? ती काट्याशीच राहायची. संध्याकाळी सोनाजी तिला काखेत घेऊन घरी जाई. चेष्टा करणारे म्हणत, सोनाजीला कोंबडी पाहिजे असली की खोड निघते. असं म्हणणाऱ्याचं बोट धरून तो ते कोंबडीच्या पायावरच्या गाठीवर दाबून दाखवी. "लागलं बोटाले? मंग तोंड बंद."

घरी त्याचं काम सकाळपासून सुरू होई. मूर्तिजापूरवालीला जमिनीवरचा दाणा उचलता येत नसे. चोचीची कात्री नुसती वाजायची. तिच्यासाठी त्यानं खोल वाडगं ठेवलं होतं, त्यात ज्वारीच्या कण्या ताकात भिजवून. ती त्यात डोळ्यांपर्यंत तोंड बुडवी. दर्यापूरवालीसाठी अंगणातली कुठलीही वस्तू जागची हलवायची नाही असा नियम होता. गंगूबाईनं एकदा कपडे वाळवायला बाज मध्ये टाकली तर तिच्याशी त्याचं दोन दिवस भांडण झालं. दर्यापूरवालीला उचलण्याआधी तो नखानं जमिनीवर टकटक करी. "आंधळ्या माणसाले मागून कोणी धरलं त कसं वाटन?" तिवसेवालीची बोटं सरळ करायला कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या रुईत गुंडाळून बांधलेल्या असत. चांदूरवालीची मान तेलाच्या हातानं चोळायची, मग हनुवटीखाली हात धरून तिला पाणी पाजायचं. हे सगळं तो तिला शिव्या घालत करी.

सगळंच साधत होतं असं नाही. मूर्तिजापूरवालीची चोच सरळ करावी म्हणून त्यानं एकदा ती तासायला घेतली आणि रक्त थांबेना. हळद, राख, चिंधी, सगळं झालं. ती वाचली, पण तो चार दिवस तिच्यासमोर गेला नाही. वाडगं माझ्याकडून ठेववून घेई. पिलं तर कितीतरी गेली. गेलेलं पिलू तो स्वतः परसात पुरे आणि त्या दिवशी काट्यावर फारच खेकसे. त्याचं काय गेलं ते आम्हाला दुपारपर्यंत कळे.

अशात कारंज्याच्या एका गाडीतून एक पिलू आलं. गाडीतच पाटीत उबवलेलं, दोन्ही पाय दोन दिशांना फाकलेले. उभं राहायला गेलं की पोटावर पडे. गाडीवानानं ते काट्यापाशी टाकलं आणि म्हणाला, "हे त जगत नाई." सोनाजीनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यानं एक लहानसं गाडगं मागवलं, तळाशी रुई घातली, पिलाचे दोन्ही पाय देवाच्या वातीसारख्या मऊ पिळानं एकमेकांना सैल बांधले आणि त्याला गाडग्यात बसवलं. जागा इतकी अरुंद, की पाय फाकायला वावच नाही. ते गाडगं काट्याच्या वजनांशेजारी असे. एकीकडे दोकडे चढताहेत, गाडीवान ओरडताहेत, आणि सोनाजी मधूनच वाकून गाडग्यात म्हणतो, "कारंजावाले, उभी राय."

ती वाढली तसा तो पीळ सैल करत गेला. मग गाडगं मोठं झालं. मग गाडगं सुटलं. एके दिवशी तो सकाळी तिला काखेत घेऊन वखारीत आला आणि चाललेलं माप थांबवलं. हे त्यानं कधीच केलं नव्हतं. सगळे गोळा झाले. त्यानं तिला कमरेच्या उंचीवरून सोडलं. ती दोन्ही पायांवर उतरली, पिसं झाडली आणि तुरुतुरु चालत सरकीच्या ढिगाकडे गेली.

"पाहा," सोनाजी सगळ्यांना म्हणाला. "आता काढा खोड. कोण काढते, या पुढं."

लोक हसत पुढे आले. कोणी पंख उघडले, कोणी बोटं ताणली. कोणालाही काही सापडलं नाही. नामदेव म्हणून एका तांड्याचा म्होरक्या होता, शांत, कमी बोलणारा. त्यानं सगळ्यांत बारकाईनं पाहिलं आणि म्हणाला, "सोनाजीभाऊ, हे त देवीले चालन अशी झाली." तो कौतुकानं म्हणाला होता. सोनाजीही हसला. मी माझ्या बैठकीवरून पाहत होतो. दोन-चार क्षणांनी त्याचं हसू मावळलं आणि तो तिला उचलून घरी ठेवून आला. त्यानंतर ती वखारीत कधी दिसली नाही.

त्या हंगामात कोंबड्या मिळेनाशा झाल्या. कापसाचा पैसा लोकांच्या हातात खेळत होता. रोज तांडे, रोज नवस, रोज जेवणावळी. त्यात साहेबांचे तळ आणि रुळांच्या कामावरचे मजूर. जवळच्या गावांतून दिसेल ती कोंबडी उचलली गेली. गंगूबाई म्हणे, पहाटे कोंबडा आरवत नाही, उठायचं कशावर?

नामदेवाचा तांडा निघायला तयार होता. दोकडे चढले होते, बैल जुंपायचे होते, आणि कोंबडी नव्हती. नामदेव दोन दिवस फिरला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो आपले गाडीवान घेऊन सोनाजीच्या अंगणात आला. मी यादीवर सोनाजीची निशाणी घ्यायला तिथं गेलो होतो.

"सोनाजीभाऊ," नामदेव म्हणाला, "कारंजावाली द्या."

"ते लंगडी हाये."

"होती. तुमीच दाखवली आमाले."

नामदेव उकिडवा बसला. आवाज चढवला नाही. "मागच्या खेपेले कोंबडी भेटली नाई. आमी नारळावर निंगालो. घाटात माह्या भावाले पटकी झाली. तिथंच ठेवून आलो त्याले. आता त्याची बायको मले दारात उभी राहून विचारते, भाऊजी, या खेपेले देवीचं केलं का? तिले काय सांगू?"

"दुसरीकडं पाहा ना बाप्पा."

"पाह्यलं. नाई म्हणून त आलो." मग तो थांबून म्हणाला, "मी जबरदस्ती करून नाई राह्यलो, भाऊ. तुमी पाहा तिले, सगळ्याइले पाहता तशी. खोड हाये म्हणा, आमी उठून जातो."

याहून सरळ बोलणं शक्य नव्हतं. सोनाजी आत गेला आणि तिला घेऊन आला. चांगली भरलेली, तांबूस, मानेवर काळी झाक. त्यानं दोन्ही पंख उघडून पाहिले. बोटं एकेक ताणली. फुंकर मारली. डोळ्यापुढून बोट फिरवलं. काहीही गाळलं नाही. शेवटी उभा राहिला आणि तिला कमरेवरून सोडलं. ती दोन्ही पायांवर उतरली आणि आमच्या मधोमध माती उकरू लागली. तिच्या नखांचा आवाज तेवढा येत होता.

सोनाजी तिच्याकडे बघत होता. नामदेव सोनाजीकडे.

"खोड हाये," सोनाजी म्हणाला.

एक तरुण गाडीवान काही बोलायला गेला; नामदेवानं हातानं त्याला थांबवलं. थोडा वेळ वाट पाहिली. सोनाजी नेहमीसारखं कोणाचं बोट धरून दाखवील, असं त्याला वाटलं असावं. सोनाजीनं दाखवलं नाही.

"बरं," नामदेव उठला. धोतराची माती झाडली. "तुमी म्हणता त असन."

ते गेले. त्यांना बडनेऱ्याच्या बाजूला एका शेतवस्तीवर कोंबडा मिळाला. तांडा एक दिवस उशिरा निघाला, मुंबईला पोचला आणि सगळी माणसं धडधाकट परत आली. कोणाचं काही बिघडलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढचं ऐकणाऱ्याला वाटतं की काहीतरी झालं असणार.

नामदेव अंगणातून उठून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सोनाजी वेळेवर वखारीत आला, पण काट्यावर बसला नाही. माझ्या बैठकीपुढे उभा राहिला.

"मुनीमजी, काट्यावर दुसरा माणूस बसवा."

"का?"

"काल मी खोड हाये म्हनलो."

"ते कोंबडीचं होतं. कापसाचं नाही."

"तोंड एकच हाये ना."

"कोणी काही बोललं का तुम्हाला?"

"कोणी काई नाई बोललं." त्यानं बाहेर उभ्या गाड्यांकडे पाहिलं. "बोलले असते त भांडलो असतो."

मी त्याला व्यवहाराच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. हंगाम ऐन भरात आहे. नामदेव स्वतः मनात काही ठेवणारा नाही. चार दिवसांत लोक विसरतील. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली, जशी तो चांगल्या मालाला डोलावी. शेठजींनी दोनदा बोलावणं धाडलं. तो गेला, पाणी प्यायला, परत आला. गंगूबाई म्हणाली, "एका कोंबडीपायी कोणी पोटावर पाय देते का? येडे हाये तुमी." तो म्हणाला, "हाव." गंगूबाई रडायला लागली.

दर्यापूरकडे त्याची बहीण होती. तिच्याकडे जायला म्हणून एका सरकीच्या रिकाम्या गाडीत त्यानं कोंबड्यांच्या पाट्या चढवल्या. दर्यापूरवालीची पाटी चढवण्याआधी बाजूवर टकटक केलं. कारंजावाली कुठल्या पाटीत होती ते मला दिसलं नाही, आणि विचारणं बरं दिसलं नसतं.

काट्यावर दुसरा माणूस बसला. चांगला माणूस, हिशोबाला पक्का. तोही दोकड्यात हात घाली. मग सांगे, थोडी ओल वाटते, पण चालेल. किंवा वरच्या थरात सरकी आहे, खाली बहुधा ठीक असेल. मुंबईचे दलाल दोकडे फोडून बघू लागले. पुढे अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळला, रूळ आले, आणि तांडे थांबले. शेठजींनी मला अकोल्याच्या वखारीत नेमलं. तिथं स्टेशनाजवळ लोखंडी काटा आहे. तो आपला आकडा दाखवतो आणि गप्प बसतो. आकडा बरोबर असतो. तरी कधी कधी लेखणी उचलून मी क्षणभर थांबतो. तीन घरांना पुरेल असा आवाज यायचा बाकी आहे असं वाटतं.

एकदा मी कामासाठी अकोल्याहून दर्यापूरकडे निघालो होतो. पावसाळा संपत आला होता, पण पूर्णा अजून भरून वाहत होती आणि चालत जाण्याइतका उतार नव्हता. डोंग्यातून पलीकडे जायचं. आमचा डोंगा मध्यावर आला तेव्हा समोरून दुसरा येत होता. त्यात बाया, एक शेळी, ज्वारीची पोती, आणि मागच्या टोकाला चार पाट्या घेऊन सोनाजी.

ऊन कडक होतं. त्यानं डोक्याचं पागोटं सोडून ते पाट्यांवर सावलीसारखं ताणलं होतं. एक टोक गुडघ्याखाली दाबलेलं, दुसरं हातात उंच धरलेलं. चारचौघांत बोडक्या डोक्यानं बसलेला सोनाजी मी पहिल्यांदाच पाहिला. केस पार पांढरे झाले होते. शेळी पाट्यांकडे तोंड नेई, तो तिला पायानं ढकली आणि पाटीत वाकून काहीतरी बोले.

मी हाक मारली. पाण्याचा आवाज मोठा होता. पुन्हा मारली. त्यानं मान वर केली, डोळ्यांवर हात धरायला म्हणून पागोट्याचं टोक सोडलं, आणि ऊन पाट्यांवर पडलं तसं लगेच पुन्हा धरलं. हात मोकळा नव्हता. त्यानं नुसती हनुवटी उचलली. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. तो काहीतरी ओरडला. त्यातलं मला "मुनीम" एवढं ऐकू आलं, किंवा यावंसं वाटलं.

"अकोल्याला या," मी ओरडलो. "काट्यावर या, सोनाजी."

आमचा नावाडी म्हणाला, "बसा साहेब, डोंगा हलते." मी बसलो. प्रवाहानं दोन्ही डोंगे लांब केले. मी पलीकडच्या काठाला उतरून वळून पाहिलं तेव्हा त्यांचा डोंगाही लागला होता. सगळी माणसं उतरून दरडीवर चढून गेली. तो एकटा मागे राहिला होता. एक पाटी घ्यायची, चिखलातून वर न्यायची, झाडाखाली ठेवायची, तिच्यावर वाकायचं, मग पुढच्या पाटीसाठी परत यायचं. शेवटची पाटी वर नेताना त्याचा पाय घसरला. तो गुडघ्यावर बसला, पण पाटी त्यानं डोक्याच्या वर धरून ठेवली, कलू दिली नाही. मग तसाच, पाटी वर धरून, तो हळूहळू उठला.